मागच्या सीटवरचा हिरवा दिवा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज आले ते:
ऑक्सिजनचे यंत्र, लहान, प्रवासाचे — ४८,०००
ते गाडीत लावायची वायर — १,२०० (यंत्राबरोबर फुकट द्यायला हवी होती. तसे म्हटले. दुकानदार हसला.)
नाकातल्या नळ्या, दोन जोड — ३५०
पार्सलवाल्याला, दोन जिने चढून आल्याबद्दल — पाणी दिले.

दुकानदार जादा बॅटरी घ्या म्हणून मागे लागला होता. यंत्राच्या निम्मी किंमत! मी म्हटले, गाडीत वीज असते ना? मग? तो म्हणाला, असते. विषय संपला.

माझ्या दोन बांगड्या ह्यात गेल्या. असू दे. भांडी घासताना नाहीतरी आडव्या येत होत्या.

घरातले मोठे यंत्र भिंतीच्या प्लगला बांधलेले आणि आमचे हे त्या यंत्राला. दीड वर्ष झाले, लांबच्या गावी जाणे नाही. थोरल्या भावोजींना भेटायचे म्हणून हे रोज म्हणतात आणि रोज खोकल्याने वाक्य अर्धे राहते. त्यांचे घर गाडीने सहा तासांवर. ह्या नव्या यंत्राची बॅटरी दोन तास चालते. उरलेला वेळ गाडीच्या विजेवर. मागच्या सीटजवळ एक सॉकेट आहे, त्यात वायर खुपसायची. गाडीची वीज मिळत असली की यंत्रावर हिरवा दिवा, बॅटरीवर असले की पिवळा. एवढे मला कळले. मॅट्रिक उगाच नाही झाले.

देवापुढे यंत्र ठेवून हात जोडले. सून म्हणाली, "आई, यंत्राला फूल नका वाहू, पाकळी आत जाईल." वाहिले नाही. पण हिने सांगायची गरज नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरकडे नेऊन आणले. गाडी सून चालवते. मुलगा परगावी कामावर, तो फोनवरून चालवतो.

अंगणात किल्ली फिरवली तेव्हा हिरवा दिवा छान लागला. हे मागे, मी पुढे सुनेशेजारी. कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागून यंत्र ओरडले. दिवा पिवळा! परत येईपर्यंत पिवळाच. बॅटरी होती म्हणून निभावले. अठ्ठेचाळीस हजार आणि कोपऱ्यापर्यंतही चालू नये?

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "काकू, यंत्र उत्तम आहे, गाडी बघा." गाडी ज्याने विकली त्याला विचारले तर म्हणेल यंत्र बघा. सगळे एका माळेचे मणी.

देवाचे नाणे मात्र घरी सुखरूप आणून डब्यात टाकले. हे इथे लिहून ठेवते, कारण हिशेब स्वच्छ असावा. कुठेही निघालो की गाडी सुरू झाल्यावर एक नाणे देवाच्या नावाने वेगळे काढायचे आणि सुखरूप परतलो की देवाच्या डब्यात टाकायचे, ही माझी माझ्यापुरती रीत. पर्समध्ये ठेवले तर घरच्या पैशांत मिसळते. देवाचे आणि दुधाचे पैसे एकत्र करणे मला जमणार नाही. ह्या गाडीत एक चांगली सोय सापडली आहे. पुढच्या दोन सीटांच्या मधे एक गोल भोक आहे, वर झाकण. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांसाठी काहीतरी केलेले आहे म्हणे. आमच्या घरात तसले कोणी नाही, तेव्हा ती जागा आपसूक देवाच्या कामी आली. नाणे आत सोडले की खालून बारीक 'टिक्' असा आवाज येतो. ऐकले, असे म्हटल्यासारखा. परत आल्यावर केसातल्या आकड्याने काढते.

आजच्या नाण्याच्या कडेला काळा डाग पडला होता. नाणीसुद्धा हल्ली धड पाडत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

सून गाडी घेऊन गॅरेजात गेली. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, फ्यूज उडाला होता. नवा घातला. मीटर लावून दाखवले, सॉकेटात वीज आहे. घेतले १५०. फ्यूज म्हणजे नखाएवढी वस्तू!

सुनेने वर येऊन सांगितले, "पुढचं आणि मागचं, दोन्ही सॉकेट एकाच फ्यूजवर आहेत. तो म्हणाला, पुढे काही लावता का? मी म्हटलं, आम्ही त्याला हातच लावत नाही."

म्हटले, दोन सॉकेट आणि फ्यूज एक? गाडी बनवणाऱ्याची काटकसर बघा. आम्ही केली की ती चिकटपणा.

९ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना जरा हवेवर न्यावे म्हणून निघालो. निघताना हिरवा. नाणे ठेवले, हात जोडले, डोळे उघडले तो मागून यंत्राची बोंब. पिवळा!

मी तिथल्या तिथे म्हटले, गाडी गॅरेजात घ्या. आज रविवार, बंद. बंदच असणार. फसवणाऱ्याला आराम लागतो.

हे मागून म्हणाले, "अगं, एवढी… तापू नकोस. मला हवा… कमी पडते, तुझी… जास्त होते." सून हसली. ह्यांच्या विनोदाला हसायला हिला बरोबर जमते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भावोजींचे पत्र आले. ऐकू येणे त्यांचे कधीच संपले, फोनचा उपयोग नाही, म्हणून आमचा सगळा संसार पत्रांवर. अक्षर ह्या वेळी ओळ सोडून उतरत गेलेले, शेवटचे दोन शब्द कागदाबाहेर गेले आहेत. लिहितात:

"डावा डोळा गेला. उजव्याने खिडकी दिसते, खिडकीतला माणूस ओळखू येतो, पण उजेड हवा. डॉक्टर म्हणतात, हाही थांबणार नाही. कान नाहीत, डोळे गेले की मग कोण आले, कोण गेले, मला काय कळणार? तुझा आवाज तर विसरलो. चेहरा एकदा बघून ठेवतो. लवकर ये."

हे पत्र ह्यांनी दोनदा वाचले आणि उशीखाली ठेवले. जेवले नाहीत. ह्यांना शाळेत बोट धरून नेणारे भावोजी, पहिली सायकल शिकवणारे भावोजी. हे म्हणाले, "बॅटरीवर… जाऊ तेवढं जाऊ."

बॅटरीवर दोन तास आणि रस्ता सहा तासांचा. पुढे काय, रस्त्यात श्वास धरून बसायचे?

मुलाला फोन केला. म्हणाला, "आई, बाबांना एवढा प्रवास कशाला? मी काकांना व्हिडिओ लावून देतो." एका डोळ्याने खिडकीएवढे दिसणाऱ्या माणसाला हा हाताएवढा फोन दाखवणार! शिकवून काय उपयोग झाला ह्याला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मी स्वतः गॅरेजात गेले. रिक्षाने. गाडीबरोबर सून आधीच गेली होती.

इलेक्ट्रिशियन सतत बोलणारा. मागची सीट काढून वायर हाताने चाचपून पाहिली, कुठे सोललेली नाही. सॉकेटच खराब म्हणाला आणि नवे बसवले. ६००. मी म्हटले, मागच्या वेळी का नाही दिसले? म्हणाला, "काकू, वीज डोळ्यांना दिसते का?" मी म्हटले, "बिल दिसतं ना?"

मग म्हणतो, फ्यूजच मोठा घालतो, उडायचा प्रश्नच नाही. सून एकदम म्हणाली, "नको. फ्यूज उडाला नाही तर वायर जळेल. बाबा मागे ऑक्सिजन लावून बसतात." तो म्हणाला, ताई फार विचार करतात. ती म्हणाली, "हो, करते. तोच घाला, आणि पाच जादा द्या, कसा बदलायचा तेही दाखवा." दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, माणसांना उत्तरे देऊन देऊन जीभ तयार झाली आहे. पण आज बरी वाटली. फ्यूजचे पैसे मात्र तिच्या पर्समधून गेले, मी मधे पडले नाही.

नंतर सुनेने यंत्र एकटीने मागे ठेवून गावाला चक्कर मारली. सारा वेळ हिरवा. आनंदाने घरी आली. लगेच आम्हा दोघांना बसवले. पहिल्या वळणावर पिवळा.

गाडी बाजूला घेऊन ती म्हणाली, "आई, एक सांगू का? रागावू नका. मी एकटी गेले की चालतं. तुम्ही बसलात की बंद पडतं."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. एकही वाढवलेला नाही.

म्हणजे मी अपशकुनी! ज्या माणसासाठी बांगड्या मोडल्या, ज्याच्यासाठी दरवेळी नाणे काढते, त्याचा श्वास माझ्या पायगुणाने बंद पडतो! मी म्हटले, "मला उतरव. चालत येते." ती म्हणाली, "तसं नाही हो आई, मी वजनाबद्दल म्हणतेय, सीटखाली कुठे वायर दबत असेल…" आता वजनही निघाले!

हे मागून "अगं… अगं…" करत राहिले. पिवळ्या दिव्यावर बोलणे मी त्यांना मना केले आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुनेशी कामापुरते बोलते. तिने पुढच्या सीटखाली टॉर्च घेऊन अर्धा तास शोधले. वायर नाहीच तिथे. मग जादाच्या पाचांतला एक फ्यूज बसवला.

देवाला सांगितले, चूक कुणाची ते तूच दाखव.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भावोजींच्या घरी बसून लिहिते आहे. पण क्रमाने लिहिते.

सुनेने रजा घेतली. म्हणाली, "बाबा, जिथपर्यंत हिरवा तिथपर्यंत जाऊ, पिवळा झाला की परत फिरू. तासाच्या आत कळेलच." मी पुढे बसलेच नाही. मागे ह्यांच्याशेजारी बसले, मुद्दाम. बघू दे कुणाच्या पायगुणाने काय होते.

आणि हिरवा! एक तास, दोन तास, हिरवा! हे खिडकीतून बाहेर बघत होते, लहान मुलासारखे पाट्या वाचत होते, तीही श्वास न लागता. सून आरशातून बघून हसली. मी हसले नाही. म्हणजे बंद पाडणारी मी नाही, पण चालवणारी ती, असे कुणाला वाटायला नको.

निम्म्या वाटेवर पाणी प्यायला थांबलो. ह्यांची पाठ दुखायला लागली, सीटवर आडवे व्हायचे म्हणाले. म्हणून मी पुढे आले. गाडी सुरू झाली आणि मला एकदम आठवले. गडबडीत नाणेच काढले नव्हते! देवाला न सांगता तीन तास आलो. घाईघाईने नाणे काढले, झाकण उघडले, क्षमा मागितली, सोडले. टिक्.

मागून यंत्र ओरडले.

पिवळा. पुढे तीन तास, मागे तीन तास, आणि बॅटरी दोन तासांची. सुनेने गाडी कडेला घेतली, पायापाशी वाकून फ्यूजच्या डबीचे झाकण काढले, फ्यूज बदलला. किल्ली फिरवली, तो तत्क्षणी गेला. दुसरा घातला. तोही गेला. तिसरा घातला. गेला. इलेक्ट्रिशियनला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वही देवाजवळ ठेवते. हे आडवे पडून छताकडे बघत होते. म्हणाले, "दादा… खिडकीत… बसला असेल."

आता एकच फ्यूज उरला. मला एवढेच सुचले की एका नाण्याने भागणार नाही. पर्समधले सगळ्यांत मोठे नाणे काढले, झाकण उघडले, आणि—

"आई, ते काय करताय?"

मी म्हटले, "देवाचं नाणं. तू तुझं काम कर."

तिने माझ्या हाताकडे पाहिले. मग त्या भोकाकडे. मग माझ्याकडे. मला वाटले, आता ही भांडणार, देवाबिवाला नावे ठेवणार. मी तोंड उघडून तयार होते.

तर ती अगदी हळू म्हणाली, "आधीचंही ह्यातच आहे?"

"मग कुठे असणार? नेहमी ह्यातच ठेवते."

"नेहमी," ती म्हणाली. किल्ली बंद केली. "आई, तुमचा आकडा द्या जरा."

माझ्या केसातला आकडा घेऊन तिने आतले नाणे काढले. काळा डाग ह्यालाही. तिने ते ओढणीच्या टोकाने पुसले, मोठे नाणेही माझ्या हातातून घेतले, दोन्ही ओढणीच्या कोपऱ्यात बांधली आणि गाठ खांद्यावर टाकली. म्हणाली, "देवाचं नाणं पायाशी अंधारात कशाला? गाडी मी चालवतेय, त्याची जास्त गरज मला. आजपासून माझ्याकडे देत जा."

चार वर्षांत हिने देवापुढे हात जोडलेले मी मोजकेच पाहिले आहेत.

मग तिने शेवटचा फ्यूज घातला. डोळे मिटले, मी प्रत्यक्ष पाहिले, आणि किल्ली फिरवली.

हिरवा!

आणि भावोजींच्या दारापर्यंत हिरवा. ज्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावले, सॉकेट बदलले, सीट उपसली, त्याला जमले नाही ते सुनेने देवाचे नाणे खांद्यावर घेतल्याबरोबर झाले. ह्याला काय म्हणायचे ते ज्याने त्याने म्हणावे.

त्या भोकाच्या झाकणावर तिने चिकटपट्टी लावून टाकली आहे. धूळ जाते म्हणे.

२३ नोव्हेंबर, रविवार

भावोजी खिडकीत बसले होते. वाळून गेले आहेत. ह्यांना उजेडात खुर्चीवर बसवले. भावोजींनी मान तिरकी करून, पाखरासारखी, उजव्या डोळ्याने ह्यांच्याकडे पाहिले. कपाळापासून सुरुवात केली आणि हनुवटीपर्यंत आले. घाई नाही. मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, "म्हातारा झालास रे! नाकात काय घातलंयस?"

ह्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले: हवा.

"हवा? विकत? आणि तुझ्या बायकोने घेऊ दिली?"

सगळे घर हसले. मी आत जाऊन भांडी आवरली. दोघे नंतर काही लिहीत नव्हते, नुसते हातात हात धरून बसले होते. यंत्राच्या घरघरीने घरातल्या बाकीच्यांना त्रास झाला, भावोजींना तेवढा नाही.

दुपारी पाणी न्यायला आले तर सून ह्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. हे ऐकत होते, आणि मग असे हसायला लागले की नळी निसटली. मला बघून दोघेही गप्प. मी परत वळले तेव्हा ह्यांचे शब्द कानावर आले, "तिला… सांगायचं नाही हं. कधीच. अन्न… गोड लागणार नाही तिला."

म्हणजे ह्या प्रवासाचा काहीतरी मोठा खर्च दोघांनी माझ्यापासून लपवला आहे. मी छडा लावणार.

३० नोव्हेंबर, रविवार

परतून सहा दिवस झाले. येतानाही सारी वाट हिरवा. सुनेने घरी पोचल्यावर ओढणीची गाठ सोडून नाणी स्वतः डब्यात टाकली. परतीच्या नाण्यावर डाग नाही. पण त्या भोकात 'टिक्' व्हायचे ते ओढणीत होत नाही, तेवढे मात्र मला चुकल्यासारखे वाटते.

खर्चाचा छडा लागला नाही. पेट्रोलची पावती बरोबर आहे. पुन्हा विचारले तर सून म्हणाली, "आई, मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले ना, तुम्ही बसलात की बंद पडतं, ते चुकीचं होतं. तुमच्या बसण्याने काही होत नव्हतं." बरे झाले, कबूल केले. मी म्हटले, "मला माहीत होतं." तिने माझ्या पाया पडायला वाकल्यासारखे केले आणि मिठी मारली. कमरेत उसण भरली माझ्या. तिच्यासाठी ओढणी घ्यायला हवी, गाठीपाशी विरली आहे. बघू, पुढच्या महिन्यात.

भावोजींना पत्र लिहिले. अक्षर बोटभर मोठे काढले, त्यामुळे तीन कागद लागले. लागू देत. नक्कल ठेवते:

"ती. भावोजींस, साष्टांग नमस्कार.
आम्ही सुखरूप पोचलो. वाटेत यंत्र थांबले नाही. तुमचा भाऊ रोज सांगतो, दादाने मला कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिले. जेवतो. हवा मीच विकत घेऊ दिली, हे तुम्ही सगळ्यांदेखत विचारलेत त्याचे उत्तर.
गाडी आता चालते. तुम्ही म्हणाल तेव्हा पुन्हा घेऊन येते, दिसत असो की नसो. हात हातात दिला की कोण आले ते तुम्हाला कळेल, नाकातल्या नळीवरून तर नक्कीच.
हे पत्र वाचता आले तर दोन ओळी लिहा. वाचून दाखवावे लागले तर नुसती एक रेघ ओढा, वाकडी चालेल. पण दुसऱ्या कुणाच्या हातची नको. पाकीट, तिकीट लावलेले, सोबत आहे, म्हणजे सबब नको. उलट टपाली कळवावे."